पांघरुणाखालचा ऑस्ट्रेलिया

१८८३ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल इथे कुरणाच्या कुंपणावर फिरणाऱ्या चार्ल्स रास्पला टेकडीवर काळसर खडक दिसला. त्याला ते कथील वाटले. निघाले शिसे, जस्त आणि चांदी. असे उघड्यावर पडलेले साठे आता शोधून संपत आले आहेत. या खंडाचा सुमारे ८० टक्के भाग वाळू, माती आणि झिजलेल्या खडकाच्या थराखाली आहे. त्याखाली काय आहे, हे नुसत्या हातोडीने कळत नाही.

ऑलिंपिक डॅमची गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. हे धरण नव्हे, दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष पट्ट्यातले गुरांसाठीचे तळे. १९७५ मध्ये वेस्टर्न मायनिंग कंपनीने त्याच्याजवळ बोअर घेतला. जमिनीवर तांब्याचा मागमूस नव्हता. पण गुरुत्वाकर्षण आणि चुंबकत्व या दोन्हींची मोजमापे तिथेच आजूबाजूपेक्षा जास्त येत होती. ३५३ मीटरवर तांबे लागले, तेही जेमतेम एक टक्का. पुढच्या बोअरनी निराशाच केली. १९७६ च्या अखेरीस दहाव्या बोअरला मात्र १७० मीटर जाडीत २.१२ टक्के तांबे मिळाले. गंमत अशी, की भूवैज्ञानिकांचा तर्क गाळाच्या खडकातल्या तांब्याचा होता आणि तांबे निघाले चुराडा झालेल्या ग्रॅनाइटमध्ये. जागा बरोबर, कारण चुकीचे!

आज हेच काम विमानातून, आणि कितीतरी मोठ्या प्रदेशावर होते. विमानाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडली की जमिनीत क्षीण प्रवाह निर्माण होतात. त्यांचे चुंबकीय पडसाद मागे ओढत नेलेले ग्रहण-यंत्र टिपते आणि काहीशे मीटर खोलीपर्यंत कुठला थर वीज किती वाहून नेतो ते कळते. सरकारी सर्वेक्षणात उड्डाणरेषांमध्ये साधारण २० किलोमीटरचे अंतर असते. तेवढ्यात लहानसा साठा सहज निसटेल, पण हेतू साठा पकडण्याचा नसतो, कुठे बारकाईने बघायचे ते ठरवण्याचा असतो.

अडचण वेगळीच आहे. खारे पाणी, चिकणमाती, ग्रॅफाइट, काही धातूंची खनिजे, सगळीच वीज चांगली वाहून नेतात. नकाशावर ती सारखीच दिसू शकतात. गोडे पाणी शोधणाऱ्याला आणि तांबे शोधणाऱ्याला म्हणून एकच नकाशा उपयोगी पडतो, आणि म्हणूनच तो एकटा पुरत नाही.

आपल्या दख्खनच्या पठारावरही असेच झाकण आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतला, तेव्हा ३३८ मीटर बेसाल्ट पार केल्यावर कुठे खालचा जुना खडक हाती लागला.

उत्तर ऑस्ट्रेलियात, नॉर्दर्न टेरिटरी आणि क्वीन्सलँडच्या सीमेजवळ, २०१७ मध्ये जमिनीला हादरे देऊन परतणाऱ्या लहरी मोजल्या गेल्या. सपाट माळाखाली काही किलोमीटर जाडीचा, तोवर कुणालाच माहीत नसलेला गाळाचा खोलगट भाग उमटला. त्याला कॅरारा असे नाव मिळाले. पण तो नेमका कशाचा भरला आहे हे लहरी सांगू शकत नव्हत्या. त्यासाठी २०२० मध्ये सुमारे १७५० मीटर बोअर घ्यावा लागला. वर आलेल्या खडकाच्या दंडगोल नमुन्यात तेल-वायूच्या दृष्टीने महत्त्वाचे काळे शेल, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेला पापुद्र्यांचा खडक, होते. ही माहिती सरकारने सर्वांसाठी खुली ठेवली आहे. पुढचा खर्चिक जुगार खासगी कंपन्यांनी खेळायचा.