इटॅलिक अक्षरवळण

रोमन लिपीच्या छपाईतील उजवीकडे किंचित कललेले, लपेटीदार वळण. छापखान्यात ‘तिरका टाइप’ म्हटले की काम भागते. पण तिरकेपणा ही इटॅलिकची खरी ओळख नव्हे. उभे अक्षर नुसते कलते केले की मिळते ते ऑब्लीक. इटॅलिकमध्ये अक्षराची घडणच बदलते. लहान ‘ए’चा वरचा आकडा जाऊन एकच गोल पोट उरते, ‘एफ’ची शेपटी बहुधा ओळीखाली उतरते, पायाशी असलेल्या सपाट सेरिफच्या (रेघेच्या टोकाला काढलेल्या छोट्या आडव्या पट्टीच्या) जागी लेखणी टेकल्या-उचलल्याच्या बारीक खुणा येतात. अक्षरे अंग चोरून जवळजवळ बसतात.

याचे मूळ पंधराव्या शतकातील इटलीच्या भरभर लिहिल्या जाणाऱ्या हस्ताक्षरात आहे. व्हेनिसचे मुद्रक आल्डस मॅन्युशियस यांच्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो यांनी हे वळण टाइपात कोरले आणि १५०१ मध्ये प्राचीन रोमन कवी व्हर्जिलच्या काव्याची हातात मावेल अशी आवृत्ती संपूर्णपणे त्यात निघाली. तेव्हा मोठी अक्षरे उभीच होती; ती पुढे कलती झाली. आरंभी सबंध पुस्तके छापणारे हे वळण हळूहळू रोमन टाइपाचे जोडीदार बनले. आज ते मुख्यतः शब्दावरचा भर, ग्रंथनामे, परभाषेतील शब्द आणि गणितातील चल यांसाठी वापरतात. निमंत्रणपत्रिकांत मात्र त्याचा डौल अजूनही ओळीच्या ओळी सांभाळतो.

सुट्या आणि धावत्या वळणांचे हे नाते मराठीला परके नाही. बालबोध, म्हणजे देवनागरी, हे ठसठशीत, सुटे अक्षर. मोडी ही बोरू शक्य तितका न उचलता लिहायची धावती लिपी. साताऱ्याच्या छत्रपतींच्या दप्तरातील मोडी कागदात आधी आखलेल्या शिरोरेघेखाली अक्षरे एकमेकांत गुंतत जातात. मोडीचे टाइपही झाले. मिशनरी विल्यम कॅरी यांचा १८१० चा मराठी कोश त्यातच छापला गेला. तरी बालबोधाच्या ओळीत भर देण्यासाठी मोडी आली नाही. मराठीत ते काम ठळक टाइप आणि एकेरी अवतरणचिन्हे करतात.

म्हणूनच संगणकावर देवनागरी मजकूर ‘इटॅलिक’ करणे हा अक्षरावर अन्याय आहे. लग्नपत्रिकेतले एखादे नाव जवळून पाहावे : शिरोरेघ आडवीच राहते, काना पुढे झुकतो, गोलाई ताणली जाते आणि शेवटची वेलांटी पुढच्या कंसाला टेकते. बोरूच्या तिरक्या कापाने आलेली जाड-बारीक लयही बिघडते.

इटॅलिकचा अगदी नेमका उपयोग सजीवांच्या शास्त्रीय नावांत होतो. प्रजाती (जीनस) आणि जाती (स्पीशीज) ही दोन्ही नावे त्या वळणात छापतात, पहिल्याचे आद्याक्षर मोठे ठेवतात. नाव देणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव सरळ टाइपात येते. हाताने लिहिताना नावाखाली रेघ ओढतात, हे वनस्पतिशास्त्राची प्रयोगवही लिहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळी पाण्यात दुभंगलेले पांढरे तुरे काढणारा वायतुरा म्हणजे ‘ॲपोनोजेटन सतारेन्सिस’. रोमन लिपीत यातले सातारचे नावही इटॅलिकमध्येच, लहान ‘एस’ने सुरू होते.