स्क्रू फिरवण्याआधी हे वाचा

मशीन दुरुस्तीला घेऊन येणाऱ्यांचं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: "काही नाही हो, जरा ट्यूनिंग गेलंय. मी स्क्रू फिरवून बघितला, पण जमलं नाही." ब्रशकटर असो, चेनसॉ असो की पॉवर वीडर, वाक्य तेच. हा स्क्रू म्हणजे कार्बोरेटरचा, पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाचा. रोज तेच उत्तर देण्यापेक्षा एकदा कागदावर लिहून काढलेलं बरं, म्हणून हे पत्रक.

गेल्या हंगामात नीट चाललेलं मशीन चार महिने कोपऱ्यात उभं राहिलं आणि आता चालेना, असं असेल तर त्याचं ट्यूनिंग गेलेलं नसतं. स्क्रूच्या मागे स्प्रिंग असते किंवा तो घट्ट बसवलेला असतो. उभ्या मशीनमध्ये तो आपोआप फिरत नाही. बदललेलं असतं ते पेट्रोल.

पेट्रोलमधला हलका भाग आधी उडून जातो आणि मागे चिकट, पिवळसर थर उरतो. जुन्या व्हार्निशसारखा त्याचा वास एकदा घेतला की विसरत नाही. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावाही ओढतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन खाली बसतं, आणि कार्बोरेटरला पेट्रोल तर तळातूनच मिळतं. आमच्याकडे कार्बोरेटरखालची, पेट्रोल साठणारी फ्लोटची वाटी उघडली की त्यातलं पेट्रोल आम्ही काचेच्या भांड्यात ओतून ग्राहकाला दाखवतो. तळाशी मण्यांसारखे थेंब इकडून तिकडे घरंगळताना दिसले, की पुढे फार समजवावं लागत नाही.

जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा पितळी तुकडा. लहान इंजिनाच्या मेन जेटचं भोक बहुधा पाऊण मिलिमीटरहूनही बारीक असतं. आयडलिंगचं, म्हणजे रेस न देता इंजिन चालतं तेव्हाचं, जेट त्याच्या साधारण निम्मं. तिथे चिकट थराचा नुसता पापुद्रा बसला तरी पेट्रोल कमी पडतं. मग मशीन चोकवर (हवा अडवून पेट्रोल वाढवल्यावर) चालतं आणि चोक काढला की बंद पडतं, किंवा रेस आपोआप वरखाली होत राहते. ही दोन्ही लक्षणं कचऱ्याची आहेत, किंवा मध्येच कुठून तरी हवा शिरत असल्याची. स्क्रू फिरवून यातलं काहीच जात नाही.

आता स्क्रूबद्दल. हातात धरायच्या टू-स्ट्रोक मशीनवर बहुधा तीन असतात: 'एल' कमी रेसच्या मिश्रणाचा, 'एच' जास्त रेसच्या मिश्रणाचा आणि तिसरा नुसता आयडलिंगचा. तिसऱ्याला तुम्ही हात लावलात तर आमचं काही म्हणणं नाही. आयडलिंगला चेनसॉची चेन फिरत असेल तर तो कमी करायलाच हवा. पण 'एच' ही वेगळी गोष्ट आहे. टू-स्ट्रोकचं ऑइल पेट्रोलमधूनच येतं. 'एच' आत फिरवला की पेट्रोल कमी होतं, म्हणजे ऑइलही कमी होतं, आणि वर इंजिन जास्त तापतं. फसवणूक अशी की त्या वेळी आवाज फार छान येतो. कडक, मोकळा, एकदम जोरात. माणसाला वाटतं, जमलं! पिस्टन पकडण्याआधीचा, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकण्याआधीचा, आवाज अगदी असाच असतो.

एकांचा ब्रशकटर असाच आला होता. भार पडला की दबायचा, म्हणून त्यांनी 'एच' थोडा थोडा आत घेतला. आवाज सुधारला. अर्धी टाकी संपेपर्यंत चालला आणि मग दोरी हलेना. उघडलं तर पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूने उभे ओरखडे. खरं दुखणं होतं सायलेन्सरच्या तोंडाशी असलेल्या ठिणग्या अडवणाऱ्या जाळीत. ती काजळीने बुजली होती. जाळी काढून ब्रशने साफ करायला आम्हाला दहा मिनिटं लागली असती. त्याऐवजी पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही बदलावे लागले.

दुसरा तोटा कमी दिसतो, पण आमचा सगळ्यात जास्त वेळ तोच खातो. स्क्रूचं टोक सुईसारखं निमुळतं असतं. बंद करताना तो कसला, की टोक वाकतं आणि कार्बोरेटरच्या अंगात त्याची बैठक खराब होते. मग तो कितीही फेरे उघडला तरी मिश्रण जुळत नाही, आणि कार्बोरेटरचं अंग दुरुस्त होत नाही. म्हणून फिरवायचाच असेल तर आधी हलक्या हाताने बंद करत आत्ता तो किती फेरे उघडा आहे ते मोजा, आणि आकडा लिहून ठेवा. बोटाला अडल्यासारखं वाटलं की थांबा. नव्या मशीनच्या स्क्रूवर टोप्या असतात किंवा वेगळ्याच आकाराचं डोकं असतं. धुराच्या नियमांमुळे कंपनीने ते मुद्दाम तसं केलंय. टोपी पक्कडीने उपटू नका.

कार्बोरेटरवर संशय घेण्याआधी घरी बघण्यासारखं बरंच आहे. जुनं पेट्रोल काढून ताजं भरा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, आणि आमचं गिऱ्हाईक गेलं तरी आम्ही हेच सांगतो. एअर फिल्टर उजेडात धरा. प्लग काढून बघा: काळा ओला असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरट कोरडा असेल तर कमी. टाकीतला छोटा फिल्टर तारेच्या आकड्याने बाहेर ओढून बघा. मशीन दहा मिनिटं चालून मरत असेल तर मरायच्या बेतात असताना टाकीचं झाकण जरा सैल करा. लगेच सावरलं, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय आणि कार्बोरेटर बिचारा निर्दोष आहे. ऑइलचं प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत असेल तेच ठेवा. पन्नासास एक म्हणजे लिटरला २० मिली, चाळीसास एक म्हणजे २५, पंचविसास एक म्हणजे ४०. बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतू नका.

फोर-स्ट्रोकची वाटी घरी उघडणारे बरेच आहेत. उघडा, पण पेट्रोलचा कॉक बंद करून, मोकळ्या हवेत, आसपास विडी-सिगारेट नको. जेट सुईने किंवा ड्रिलच्या पात्याने कोरू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की इंजिन कायमचं पेट्रोल प्यायला लागतं. विजेच्या लवचीक वायरमधली तांब्याची एक बारीक तार चालते. जेट उजेडासमोर धरल्यावर भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे, चंद्रकोर नको. जेटच्या वर आडव्या भोकांची एक पितळी नळी असते. ती बहुतेक जण काढतच नाहीत, मग "मी साफ केला, तरी तेच" म्हणत आमच्याकडे येतात. कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे मारताना चष्मा घाला, कारण एका भोकात मारलेला फवारा दुसऱ्यातून थेट डोळ्यात येतो. रबराच्या भागांवर स्प्रे मारू नका, ते फुगतात.

चेनसॉ, ब्रशकटरमध्ये वाटी नसते, डायफ्रॅम म्हणजे पातळ लवचीक पडदा असतो. मशीन उलटंपालटं केलं तरी ते चालतं ते त्यामुळेच. नवा डायफ्रॅम कापडासारखा मऊ असतो. जुना बोटाने दाबला की कागदासारखा कुरकुरतो. तो कितीही स्वच्छ दिसला तरी बाद धरा. बसवताना घोळ होतो तो क्रमाचा. मीटरिंगच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या) बाजूला साधारणपणे आधी पॅकिंग, मग डायफ्रॅम; पंपाच्या (पेट्रोल ओढणाऱ्या) बाजूला आधी डायफ्रॅम, मग पॅकिंग. उघडतानाच मोबाइलवर फोटो काढा. आमच्याकडे बहुतेक चालू मॉडेलची डायफ्रॅम-पॅकिंगची किट असतात. तुम्ही स्वतः बसवणार असाल तरी कार्बोरेटरवरचा नंबर घेऊन या, क्रम आम्ही काउंटरवर दाखवून देऊ.

"साफ करायला दोन दिवस कशाला?" हा प्रश्न आम्हाला रोज येतो. कार्बोरेटर पूर्ण सुटा करून अल्ट्रासोनिक टाकीत (ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या) घालावा लागतो, कारण आयडलिंगची बारीक भोकं एका पत्र्याच्या टोपीआड असतात आणि तिथे नुसता स्प्रे पोचत नाही. मग वाळवणं, नवं पॅकिंग, टाकीपासूनची नळी कडक झाली असेल तर तीही. ट्यूनिंग गरम इंजिनवर होतं, पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी थंड मशीनची दोरी ओढून. त्याच संध्याकाळी मशीन परत दिलेलं काम आमच्याकडे पुन्हा आलंय, म्हणून ती पद्धत आम्ही सोडली. आणि "नवा कार्बोरेटरच टाका" म्हणाल तर तेही करतो. लहान मशीनला कधी कधी तेच परवडतं, आणि तसं असेल तर आम्ही आधीच सांगतो. मात्र दिसायला हुबेहूब असलेल्या नकलेत जेटचं माप वेगळं निघतं, मग तुम्ही पुन्हा स्क्रूकडे वळता.

हंगाम संपताना पंधरा मिनिटं काढलीत तर हे सगळं टळतं. फोर-स्ट्रोकचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा. वाटीच्या तळात तरीही थोडं पेट्रोल उरतं, ते खालच्या स्क्रूने काढा. हा एक स्क्रू मात्र जरूर फिरवा! टू-स्ट्रोकची टाकी रिकामी करा, रबरी फुगा दाबून नळीतलं पेट्रोल टाकीत परत आणून तेही ओता, मग मशीन चालू करून मरू द्या. बऱ्याच पुस्तिका पेट्रोलची मुदत ३० दिवस सांगतात. स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारं औषध) वापरणार असाल तर ताज्या पेट्रोलमध्ये टाका, शिळं त्याने ताजं होत नाही. हे करायला वेळ नसेल तर हंगाम संपल्यावर मशीन आमच्याकडे टाका. त्या दिवसांत गर्दी नसते, पुढच्या हंगामाच्या पहिल्या आठवड्यात रांग असते.

मशीन आणताना टाकी रिकामी करून आणा, पण काढलेलं पेट्रोल फेकू नका. थोडं झाकणबंद डब्यात आणलंत तर निदान लवकर होतं. स्क्रू फिरवलेला असेल तर सांगा, आम्ही रागावत नाही. कोणता आणि किती फिरवला हे आठवत नसेल तर तेही सांगा. मग आम्ही तो पहिल्यापासून लावतो. तेवढा अर्धा दिवस जास्त धरा.