बंद डब्यातला ब्रेक

पावसाळ्यात ठाण्यात गाडी दोन दिवस उभी राहिली की ब्रेकच्या डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीवर, तांबूस गंज धरतो. तिसऱ्या दिवशी पहिला ब्रेक मारला की खर्रर्र आवाज येतो आणि सिग्नलला दोन-चारदा थांबेपर्यंत डिस्क पुन्हा लख्ख होते. पेट्रोलच्या गाडीचं हे असं. विजेच्या गाडीत मात्र हा गंज खरवडायला डिस्कला दाबून धरणारे पॅड फारसे तिला लागतच नाहीत.

वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजात माझ्या भाच्याच्या इलेक्ट्रिक गाडीचं मागचं चाक उघडलं, तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. "मामा, ड्रम ब्रेक? हा तर तुमच्या स्कूटरला होता!"

होता खरा. बंद डब्यासारखा ड्रम चाकाबरोबर फिरतो आणि आतले दोन अर्धगोल शू बाहेरच्या बाजूला दाबले जाऊन त्याला घासतात. लुई रेनोनं १९०२मध्ये हा ब्रेक मोटारीत रुळवला. त्याचं दुखणं एकच, उष्णता. लांब घाट उतरताना आतली उष्णता बाहेर पडत नाही, शूवरचं अस्तर, म्हणजे लायनर, तापतात आणि पकड सुटत जाते. डिस्क उघड्या हवेत असल्यानं लवकर निवते. १९५३च्या फ्रान्समधल्या ल मान्सच्या मोटारशर्यतीत डिस्क ब्रेकवाली जग्वार जिंकली, आणि ड्रमची पीछेहाट सुरू झाली.

मग तो परत का आला? निव्वळ स्वस्त म्हणून? तेही आहेच, नाकारण्यात अर्थ नाही. पण खरं कारण ड्रमच्याही आधीचं आहे.

मोटरला वीज दिली की ती फिरते; उलट चाकांनी मोटरला फिरवलं, तर तीच जनित्र बनून वीज देते. वीज देताना ती चाकांना विरोध करते, म्हणून गाडी मंदावते. लुई क्रिगेर या फ्रेंच माणसानं १८९०च्या दशकातच पॅरिसमधल्या आपल्या विजेच्या बग्ग्यांना अशी सोय केली होती. आज ट्रान्स-हार्बरवरची लोकल ऐरोलीला थांबताना हेच करते आणि तिची वीज वरच्या तारेत परत जाते.

घोडबंदर रोडवर याचा हिशेब मांडून बघा. दीड हजार किलोची गाडी ताशी ५४ किलोमीटर वेगानं चालली असेल, तर तिच्यात सुमारे १६९ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. कापूरबावडीपासून गायमुखपर्यंत समजा वीस वेळा तेवढा वेग घेऊन थांबावं लागलं (रहदारी बघता तेवढा वेग मिळणं हेच नशीब), तर जवळजवळ एक युनिट वीज ब्रेक तापवण्यात जाते. मोटरनं ब्रेक मारला तर तिच्यातला मोठा भाग बॅटरीत परत येतो. सगळा नाही, मोटर आणि बॅटरी आपापला वाटा खातात.

शू घासतातच कमी म्हटल्यावर ड्रम तापण्याचा प्रश्न बराचसा संपला आणि त्याचा बंदिस्तपणा, जो कालपर्यंत दोष होता, तोच गुण ठरला. आत पाणी सहसा शिरत नाही आणि घासून निघालेली भुकटी हवेत कमी उडते. युरोपच्या युरो ७ या गाड्यांच्या प्रदूषणाच्या नियमांत आता ब्रेकच्या धुळीवरही मर्यादा आहे. फोक्सवागननं आयडी.३ या विजेच्या गाडीला मागे ड्रमच बसवले.

तरीही घर्षणाचा ब्रेक पूर्ण ताकदीचा लागतोच. येऊरच्या डोंगरावर राहणाऱ्यानं रात्रभर चार्जिंग करून बॅटरी काठोकाठ भरली आणि सकाळी उपवनकडे उतरायला घेतलं, तर परत आलेली वीज ठेवायची कुठे? अशा वेळी मोटर फारशी अडवत नाही आणि सगळा भार शू-पॅडवर येतो. उतारावरून दिवस सुरू करणाऱ्यांनी म्हणूनच बॅटरी थोडी रिकामी ठेवावी.

जोडीदार मिळाल्यावर जुनी कल्पना चालू लागते, याचं माझं आवडतं उदाहरण इंजिनातलं आहे. चार-स्ट्रोक इंजिनवाल्या निकोलाउस ऑटोच्या पेटंटला बगल देण्यासाठी जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज अभियंत्यानं १८८०च्या दशकात वेगळं इंजिन बांधलं. वायू जितका दाबायचा, त्याहून जास्त त्याला प्रसरू द्यायचं, म्हणजे त्याच इंधनातून जास्त काम निघतं. पण त्यासाठी त्यानं दांड्यांचं असं जंजाळ केलं, की ते मोटारीत कधी रुळलंच नाही. टोयोटानं १९९७च्या प्रिअस या हायब्रिड गाडीत, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीत, दांड्यांना हात न लावता फक्त हवा आत घेणारी झडप उशिरा बंद केली. आत घेतलेली थोडी हवा परत बाहेर ढकलली जाते, दाब कमी हवेवर पडतो आणि प्रसरण मात्र पूर्ण होतं. यात इंजिनाचा जोर घटतो. सिग्नल सुटल्यावर ते सुस्तच वाटलं असतं. ती उणीव शेजारची विजेची मोटर भरून काढते. आपल्याकडच्या टोयोटा हायरायडर या गाडीच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये हेच तत्त्व आहे.

गॅरेजातल्या मिस्त्रींना या इतिहासाशी घेणं नव्हतं. त्यांनी ड्रम पालथा करून झटकला. चिमूटभर काळी भुकटी पडली. लायनर जवळपास नवे होते. भाच्यानं सुटकेचा श्वास टाकून पाकीट खिशात ठेवलं, तर मिस्त्रींनी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीवर टिचकी मारली. "लायनर झिजले नाहीत, पण हे ऑइल हवेतला ओलावा पितच असतं. ओलं ऑइल लवकर उकळतं, मग पेडल खोल जातं. तुम्ही ब्रेक मारा की नका मारू."

पाकीट पुन्हा बाहेर आलं.