ख्रिस्ती रक्तसाक्षी : कोकण किनारा

छळ, बहिष्कार किंवा मृत्यू समोर दिसत असतानाही ख्रिस्तावरील विश्वास न सोडणे आणि तो इतरांना सांगत राहणे, याला ख्रिस्ती परंपरेत साक्ष देणे म्हणतात. ती देताना ज्यांचे प्राण गेले ते रक्तसाक्षी. कोकण किनाऱ्यावर अशा साक्षीचे तपशीलवार लेखी वृत्तांत चौदाव्या शतकापासून मिळतात. ठाणे, सोपारा, वसई, कोर्लई, गोव्यातील सासष्टी आणि एकोणिसाव्या शतकातील बाणकोट-हर्णै ही या इतिहासातील मुख्य ठिकाणे होत.

पूर्वपीठिका : किनाऱ्यावर ख्रिस्ती वस्ती केव्हा झाली, याविषयी मतभेद आहेत. येशूच्या बारा शिष्यांपैकी प्रेषित बार्थोलोम्यू कल्याणला आला असावा, असे मत काही जेझुइट (‘येशूसंघ’ या कॅथलिक संन्यासी संघाच्या) अभ्यासकांनी मांडले. त्याचा आधार यूसीबिअस या चौथ्या शतकातील बिशपच्या चर्च-इतिहासातील उल्लेख हा आहे. मात्र त्यातील ‘इंडिया’ म्हणजे कोणता प्रदेश हेच वादग्रस्त असल्याने हे मत सर्वमान्य झालेले नाही. सहाव्या शतकातील कॉसमस इंडिकोप्लेस्टस या ग्रीक प्रवाशाची साक्ष अधिक भक्कम आहे. ‘कॅलिआना’ येथे पर्शियातून नेमलेला बिशप असतो, असे तो सांगतो. हे स्थळ म्हणजे ठाणे जिल्ह्यातील कल्याण की उडुपीजवळचे कल्याणपूर, हा जुना वाद आहे. कॉसमसने बंदरांची यादी उत्तरेकडून दक्षिणेकडे दिली आहे : सिंधू, ओऱ्होथा, कॅलिआना, सिबोर आणि त्यानंतर मलबारची बंदरे. सिबोर म्हणजे चौल, हे बहुतेकांना मान्य आहे. चौलच्या आधी येणारे कॅलिआना उडुपीकडे नेणे त्या क्रमात बसत नाही, त्यामुळे कोकणातील कल्याणचा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. सुमारे आठशे वर्षांनी ठाण्यात नेस्टोरियन (पर्शियाकडील पूर्वेच्या चर्चच्या) ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती, असे ओडोरिक हा फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्यासी संघाचा प्रवासी लिहितो. ही घरे त्याच जुन्या मंडळीचा अवशेष असावीत, हे अनुमानच आहे, पण ते सहज टाकून देण्यासारखे नाही.

ठाण्याचे चौघे : तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्रिअस हे फ्रान्सिस्कन, तसेच योर्दानुस हा डोमिनिकन (दुसऱ्या कॅथलिक संघाचा) साधू, होर्मुझहून केरळमधील कोल्लमला निघाले होते. त्यांचे जहाज ठाण्याच्या बंदराला लागले. गावातील एका नेस्टोरियन कुटुंबाने त्यांना आसरा दिला. योर्दानुस भडोचकडे गेला असताना त्या घरात नवरा-बायकोचे भांडण झाले. मारहाण झालेल्या स्त्रीने काझीकडे दाद मागितली आणि घरी उतरलेल्या परदेशी साधूंनी हे पाहिले आहे, असे सांगितले. सामानाजवळ पीटर थांबला, बाकीचे तिघे काझीपुढे गेले. चौकशी भांडणाची होती, पण बोलणे लवकरच ख्रिस्ताच्या देवत्वावर आले. पैगंबरांविषयी विचारल्यावर थॉमसने जे उत्तर दिले ते काझीला निंदात्मक वाटले. तिघांना भर उन्हात उभे करण्यात आले. जेम्सला आगीत टाकले असता तो वाचला, असे वृत्तांत सांगतात. या भागावर संतचरित्रांच्या शैलीची छाप आहे. नगराच्या मलिकाने (अधिकाऱ्याने) त्यांना खाडीपलीकडे जाऊ दिले होते, ही गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. रात्री पाठवलेल्या माणसांनी तिघांना तेथे गाठून मारले. पीटर मागाहून सापडला आणि त्यालाही ठार करण्यात आले. पुढे दिल्लीच्या सुलतानाने मलिकाला शासन केले, हा मजकूर ओडोरिकच्या वृत्तांतात आहे.

घटनेच्या तारखेविषयी दोन परंपरा आढळतात. काही जुन्या ग्रंथांत १ एप्रिल १३२२ हा दिवस दिला आहे, तर आधुनिक अभ्यासक ९ एप्रिल १३२१ मानतात (पीटरसाठी ११ एप्रिल). त्या त्या वर्षी हे दोन्ही दिवस झावळ्यांच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या, रविवारापूर्वीचे गुरुवार होते. म्हणजे वाराबद्दल एकमत असून वाद फक्त वर्षाचा आहे. योर्दानुसचे पहिले पत्र १२ ऑक्टोबर १३२१ चे आहे. त्याच्या पत्रांच्या क्रमाशी १३२१ हेच वर्ष जुळते आणि तेच स्वीकारणे योग्य ठरते.

योर्दानुसने सोबत्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले आणि तो त्याच भागात राहिला. या परंपरेचा खरा गाभा त्याच्या या राहण्यात आहे. ठाणे आणि सोपारा यांच्या दरम्यान पस्तीस आणि भडोचकडे सुमारे नव्वद जणांना बाप्तिस्मा दिल्याचे तो कळवतो. चाचेगिरी, कैद, शिवीगाळ आणि अंगावर जेमतेम एक सदरा, अशा अवस्थेत आपण हिंडत असल्याचेही त्याच पत्रव्यवहारात आहे. तो कोणत्याही राजाचा माणूस नव्हता, त्याच्यामागे आरमार नव्हते आणि पत्राला उत्तर येईल याची शाश्वती नव्हती. तरी अधिक धर्मगुरू पाठवा, अशी विनंती तो करत राहिला. पुढे त्याला कोल्लमचा बिशप नेमण्यात आले.

काही काळानंतर ओडोरिकने त्या अस्थी उकरून कापडात बांधल्या आणि चीनमधील झायतून (आजचे च्वानचौ) येथील फ्रान्सिस्कन मठात नेल्या. वाटेत वारा पडला. खलाशांनी आपापल्या देवांची प्रार्थना करून पाहिली. ओडोरिकने एक अस्थी हळूच सेवकाच्या हाती दिली, सेवकाने ती जहाजाच्या नाळेवर जाऊन समुद्रात सोडली आणि वारा सुटला, असे तो स्वतः लिहितो. थॉमसला १८९४ मध्ये धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित करण्यात आले.

पोर्तुगीज काळ : वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया याला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे पंचवीस सहकाऱ्यांसह क्रूसावर मारण्यात आले. जन्मवर्ष १५५६ किंवा १५५७ दिले जाते. वडील पोर्तुगीज आणि आई स्थानिक, हे मत रूढ आहे. किशोरवयात जेझुइटांबरोबर जपानला गेलेला गोन्सालो नंतर व्यापारी झाला, मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि जपानी भाषा येत असल्याने तेथील सत्ताधीश हिदेयोशीपुढे दुभाषा म्हणून उभा राहिला. ८ जून १८६२ रोजी त्याला संत घोषित करण्यात आले. वसईच्या गास गावचे चर्च त्याच्या नावाचे आहे.

सासष्टीतील कुंकळ्ळी गावची घटना वेगळ्या जातीची आहे. जुलै १५८३ मध्ये तेथे रुडॉल्फ आक्वाव्हिवासह पाच जेझुइट मारले गेले. आक्वाव्हिवा त्याआधी अकबराच्या दरबारात होता. पाचही जणांना १८९३ मध्ये धन्य घोषित करण्यात आले. परंतु त्यापूर्वी सासष्टीतील देवळे पाडली गेली होती आणि नंतर बोलणी करण्याच्या मिषाने गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. त्या प्रमुखांचे स्मारक आज कुंकळ्ळीत आहे. जेझुइटांच्या व्यक्तिगत धैर्याविषयी शंका नाही. मात्र शस्त्रबळाच्या सावलीत दिलेली साक्ष आणि योर्दानुसची साक्ष एकाच मापाने मोजता येत नाहीत. १५६० ते १८१२ या काळात (मध्ये थोडा खंड पडून) गोव्यात चाललेल्या इन्क्विझिशनचा (धर्मद्रोहाची चौकशी करणाऱ्या चर्च-न्यायालयाचा) विचारही येथे करावा लागतो.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि युरोपीय धर्मगुरू निघून गेले. तरीही वसईतील ख्रिस्ती समाज टिकला. स्थानिक धर्मगुरूंनी चर्चे चालवली आणि सामवेदी कुपारी बोली घराघरांत राहिली. कोर्लईच्या किल्ल्याखालील वस्तीने तर पोर्तुगीज सत्ता गेल्यावरही कॅथलिक श्रद्धा आणि पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली दोन्ही जपल्या.

प्रॉटेस्टंट मिशन : फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट या अमेरिकनांना परत पाठवण्याचे हुकूम ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारनेच काढले होते. त्याच वर्षीच्या कंपनीच्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांची वाट मोकळी झाली. स्कॉटिश मिशनने १८२३ मध्ये बाणकोटला काम सुरू केले आणि नंतर हर्णैलाही केंद्र काढले. शाळा हे त्यांचे मुख्य साधन होते.

या काळातील विरोध तलवारीचा नव्हता, घरचा होता. धर्मांतरिताला पंक्ती, पाणवठा, वारसा आणि अनेकदा बायकामुले यांना मुकावे लागे. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने वारसाहक्काला संरक्षण दिले. नात्यांना कायद्याचा उपयोग नव्हता. दापोली तालुक्यातील करजगाव येथे १८६१ मध्ये जन्मलेले कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई अनेक वर्षे त्यांच्यापासून दूर, नातलगांत राहिल्या. नंतर त्या पतीकडे आल्या, तेव्हाही प्रथम आपले सोवळे आणि स्वयंपाक वेगळा ठेवून. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला आणि टिळकांच्या मृत्यूनंतर (१९१९) त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पूर्ण केले.