डॅटसन २४०झेडमध्ये एलएस१ बसवण्याआधी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

१९७० ते १९७३ या मॉडेल-वर्षांत अमेरिकेत विकल्या गेलेल्या डॅटसन २४०झेडच्या बोनेटखाली शेवरोलेचे आठ सिलिंडरचे (व्ही-८) एलएस१ इंजिन बसते, आणि फारशी ओढाताण न करता बसते. तयार माउंटिंग मिळतात. पण इंजिन बसले म्हणजे गंगेत घोडे न्हाले असे नव्हे. खर्चाचा आणि वेळेचा मोठा भाग जातो तो मागचा डिफरन्शियल (मागच्या चाकांना जोर वाटून देणारा गिअर), पेट्रोलची टाकी, वायरिंग आणि गाडीचा पत्रा यांवर. म्हणून अंदाजपत्रक हातात घेण्याआधी हे पत्रक वाचावे.

कोणत्या गाडीवर हे काम करू नये

मूळ इंजिन शाबूत असलेली, गंज न लागलेली २४०झेड कापू नका. २०२० च्या जानेवारीत १९७१ ची एक उत्तम राखलेली २४०झेड ऑनलाइन लिलावात ३,१०,००० डॉलरला गेली. प्रत्येक गाडीला असा भाव येत नाही हे खरे, पण अस्सल गाडीची किंमत व्ही-८ घातल्याने वाढत नाही, घटते. इंजिन आधीच गेलेली किंवा बदललेली गाडी या कामाला योग्य. तरीही मूळ सहा सिलिंडरचे एल२४ इंजिन हाताशी असेल तर ते तेल घालून, प्लगची भोके बंद करून जपून ठेवा.

इंजिन कोणते घ्यावे

आमची पसंती १९९८ ते २००२ च्या कॅमारो किंवा फायरबर्डमधल्या एलएस१ ला. ५.७ लिटर, ब्लॉक आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियमचे. मूळ एल२४ चा ब्लॉक बिडाचा आहे, त्यामुळे सिलिंडर दोन वाढूनही पुढच्या चाकांवरचा भार फारसा वाढत नाही. शिवाय व्ही-८ लांबीला आखूड, म्हणून ते केबिनकडे सरकवून बसवता येते. पिकअप ट्रकमधले ५.३ लिटरचे एलएम७ स्वस्त मिळते आणि चालतेही. मात्र त्याचा ब्लॉक लोखंडी, वजन सुमारे ३५ किलोने जास्त.

कॅमारोचेच इंजिन का, याला कारण आहे. त्याच्या ऑइल पॅनचा खोलगट भाग मागे असतो, त्यामुळे तो २४०झेडच्या पुढच्या क्रॉसमेंबरला (इंजिनखालच्या आडव्या पट्टीला) अडत नाही. थ्रॉटल केबलवर चालतो. त्याच काळातल्या कॉर्व्हेटचा इलेक्ट्रॉनिक असतो आणि त्याला वेगळे पेडल व मॉड्यूल लागते. २४०झेडमध्ये मुळात केबल नसून दांड्यांची जोडणी आहे, तेव्हा पेडलला केबलसाठी ब्रॅकेट करावे लागते. इंजिन विकत घेताना वायरिंग, कॉम्प्युटर, अल्टरनेटर आणि टी५६ गिअरबॉक्स एकाच गाडीतून उतरवलेले घ्या. सुटे सुटे गोळा केलेले सामान शेवटी महागच पडते.

दोन अडचणी हमखास येतात. गाडी डाव्या हाताच्या स्टिअरिंगची असेल तर स्टिअरिंगचा दांडा डाव्या बाजूच्या एक्झॉस्टच्या अगदी जवळून जातो. ब्लॉकला चिकटून खाली उतरणारे हेडरच (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) तिथे चालतात. आणि कॅमारोचा एसी कॉम्प्रेसर खाली उजवीकडे असतो, तो बहुतेक वेळा चासीच्या रेलला भिडतो. एसी हवा असेल तर आधीच सांगा. नंतर सांगितल्यास पुलीपासून सगळे पुन्हा उघडावे लागते.

नाकापेक्षा मोती जड

एल२४ चा टॉर्क कागदावर सुमारे १९८ न्यूटन-मीटर. कॅमारोतल्या एलएस१ चा ४५० च्या घरात. मूळ गाडी हजार-पन्नास किलोची, आणि तिच्या खालचे रेल जेमतेम १ मिलिमीटर पत्र्याचे. एवढा जोर आला की बॉडी पिळवटते. दाराच्या फटी बदलतात, छताच्या जोडावर रंग तडकतो. म्हणून पुढचे रेल मागच्या रेलना जोडणारे सबफ्रेम कनेक्टर आम्ही प्रत्येक गाडीला घालतो. ते वगळून काम करत नाही.

त्याआधी गंज. बॅटरीच्या ट्रेखालचा पत्रा, पायाखालची फरशी, मागच्या चाकापुढचा कोपरा आणि डिकीच्या दाराची खालची कड या जागा आधी टोचून पाहतो. अंडरकोटिंगच्या थराखाली नुसती जाळी निघणे नेहमीचेच. म्हणून पत्र्याचा नेमका खर्च गाडी खरवडल्याशिवाय सांगता येत नाही.

डिफरन्शियल आणि शाफ्ट

२४०झेडमध्ये आर१८० डिफरन्शियल येतो, त्यातल्या मोठ्या चक्राचा व्यास १८० मिलिमीटर. एलएस१ पुढे तो फार काळ टिकत नाही. याच मालिकेतल्या नंतरच्या २८०झेडमधला २०० मिलिमीटरचा आर२०० बसवतो. त्याबरोबर मागचा वाकडा आडवा दांडाही २८०झेडचाच लागतो. गुणोत्तर ३.५४ ठेवा. टी५६ चा पहिला गिअर २.६६ आणि सहावा ०.५० आहे. २२५/५०-१६ टायरवर सहाव्या गिअरमध्ये ताशी ६५ मैलांना इंजिन सुमारे १,५५० फेऱ्यांवर फिरते, हायवेला अगदी निवांत. ३.९० घेतल्यास पहिला गिअर नावापुरता उरतो. चाके जागीच फिरतात आणि चौक ओलांडायच्या आत दुसरा टाकावा लागतो.

पुढचा कच्चा दुवा चाकाजवळचा स्टब अॅक्सल. २४०झेडचा २५ दात्यांचा, २८०झेडचा २७ दात्यांचा आणि जाड. आम्ही २७ चाच घालतो. प्रोपेलर शाफ्ट मापाने नवा करून बॅलन्स करावा लागतो. इंजिन आणि डिफरन्शियल यांचे कोन जुळले नाहीत तर ताशी ६० मैलांच्या पुढे सीटखाली थरथर जाणवते. ही थरथर टायरची समजून लोक चाके पुन्हा पुन्हा बॅलन्स करून घेतात.

क्लचचा मूळ मास्टर सिलिंडर ५/८ इंचाचा आहे. टी५६ ला तो पुरेसे तेल ढकलत नाही, क्लच पूर्ण सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना खरखर होते. ३/४ इंचाचा घालतो.

पेट्रोल

कार्बुरेटरला जेमतेम ३-४ पीएसआय दाब पुरतो, एलएस१ ला ५८ लागतो. जुन्या टाकीवर नुसता मोठा पंप लावून भागत नाही. टाकी अर्ध्याखाली असताना वळणावर पेट्रोल एका बाजूला जाते, पंप हवा ओढतो आणि इंजिन क्षणभर बंद पडल्यासारखे होते. टाकीत आतला कप्पा करून पंप त्यात बसवणे हा खरा उपाय. दाब नियंत्रित करायला १९९९ नंतरच्या कॉर्व्हेटचा फिल्टर वापरतो. त्यातच रेग्युलेटर असतो. तो टाकीजवळ लावला की परतीची नळी छोटी राहते. पन्नास वर्षांची टाकी आतून गंजलेली असतेच, ती साफ करून घेण्याला पर्याय नाही.

पाणी

दोन्ही हेडमधून वाफ काढणारी एक बारीक नळी निघते. ती रेडिएटरच्या सर्वांत उंच भागाला जोडायची असते. कुठे कुठे ती बुच मारून बंद केलेली दिसते. मग हेडमध्ये वाफेची पोकळी धरते, काटा मात्र नेहमीच्या जागी राहतो आणि गॅस्केट जाते.

वायरिंग आणि डॅशबोर्ड

२४०झेडमध्ये चार्जिंगचा सगळा प्रवाह डॅशबोर्डवरच्या अँमीटरमधून फिरतो. मूळ अल्टरनेटरला ते झेपत होते, एलएस१ चा शंभर अँपिअरच्या वरचा आहे. अँमीटर तसाच ठेवला तर डॅशबोर्डमागे वायर वितळते. तो काढून तिथे व्होल्टमीटर देतो आणि अल्टरनेटरची जाड तार फ्यूजमधून थेट बॅटरीला. इंजिन ते बॉडी अर्थिंगची पट्टी विसरली तर स्टार्टरचा करंट थ्रॉटलच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल जळते. कॅमारोच्या कॉम्प्युटरमधले चोरीविरोधी कुलूप सॉफ्टवेअरने काढावे लागते, नाहीतर इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडते.

आरपीएमचा काटा मूळ ठेवायचा असेल तर आतले सर्किट बदलावे लागते. कॉम्प्युटर चार सिलिंडरच्या हिशेबाने संकेत देतो आणि मीटर सहाच्या हिशेबाने वाचतो. ३,००० ला काटा २,००० दाखवतो.

ब्रेक

पुढे डिस्क, मागे ड्रम, तेही १९७० च्या ताकदीला बेतलेले. टोयोटाच्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपचे चार पिस्टनचे कॅलिपर पुढे थेट बसतात. सोबत २८०झेडएक्सचा १५/१६ इंची मास्टर सिलिंडर. ब्रेक न बदलता इंजिन चालू करून द्या, अशी मागणी आम्ही स्वीकारत नाही.

कागदपत्रे

कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग तपासणी नाही, त्यामुळे २४०झेड मोकळी सुटते. १९७६ ते ७८ ची २८०झेड असेल तर इंजिन गाडीइतकेच किंवा त्याहून नवे हवे, त्याची कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट सगळी प्रदूषणरोधक साधने जागेवर हवीत आणि सरकारी रेफरीकडून तपासणी करून घ्यावी लागते. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. काही जण गाडी पुढेमागे पुण्याला किंवा नाशिकला न्यायचे म्हणतात. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा असा बदल करता येत नाही, हे आधीच लक्षात घ्या.

गाडी नेल्यानंतर

५०० मैलांनी हेडरचे आणि प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट आवळायला गाडी आणा, त्याचे वेगळे पैसे नाहीत. तेल ५डब्ल्यू-३०, फिल्टरसह ५.५ क्वार्ट म्हणजे साधारण ५.२ लिटर. केबिनमध्ये धुराचा वास आला तर इंजिनला दोष देण्याआधी डिकीच्या दाराचे रबर आणि मागच्या दिव्यांची गॅस्केटे पाहा. गाडी पळताना मागे पोकळी तयार होते आणि सायलेन्सरचा धूर तिथून आत ओढला जातो. हा मूळ गाडीचाच जुना दोष आहे. काचा उघड्या ठेवल्याने तो वाढतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, म्हणून वास आल्यावर लांबच्या प्रवासाला निघू नका, आधी गाडी दाखवा.