टोपोशीटवर पाणलोटाची सीमा आखणे (गोवा)

नदीवर किंवा व्हाळावर (ओढ्यावर) एक ठिकाण धरले, तर ज्या जमिनीवरचे पावसाचे पाणी वाहत शेवटी त्या ठिकाणी येते ती सगळी जमीन त्या ठिकाणाचे पाणलोट क्षेत्र. त्याला वेढणारी रेषा ती जलविभाजक रेषा. तिच्या एका अंगाला पडलेला पाऊस आपल्या नदीला मिळतो, दुसऱ्या अंगाचा शेजारच्या. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशावर, म्हणजे टोपोशीटवर, समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, वाचून ही सीमा हाताने काढता येते. बंधाऱ्यात किती पाणी येईल, पुलाखाली किती मोठी मोरी लागेल, खाणीची माती कोणाच्या शेतात उतरेल, या प्रश्नांची उत्तरे या सीमेपासून सुरू होतात.

नेहमीच्या वापरातली शीट १:५०,००० प्रमाणाची असते. तीवर १ सेंमी म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, आणि १ चौ. सेंमी म्हणजे २५ हेक्टर. एवढ्या चौकोनावर १०० मिमी पाऊस झाला तर अडीच कोटी लिटर पाणी पडते, हा हिशेब मनात ठेवला की पेन्सिल जरा जपून चालते. समोच्च रेषा तपकिरी, त्यांच्यातले उंचीचे अंतर २० मीटर, आणि दर पाचवी रेषा जाड. गोव्याच्या अक्षांशावर एका शीटमध्ये सुमारे ७४० चौ. किमी प्रदेश मावतो. म्हादईसारख्या नदीसाठी (खाली तीच मांडवी) शेजारच्या शीट जोडून घ्याव्या लागतात.

आखणी खालून वर करतात. आधी निर्गम बिंदू, म्हणजे जिथपर्यंतचे पाणी मोजायचे ते ठिकाण, ठळक करायचे. मग त्याला मिळणारे सगळे प्रवाह पेन्सिलीने गिरवायचे. नवशिका इथेच चुकतो. शीटवर बारमाही पाणी निळे असते, पण पावसाळ्यानंतर आटणारे प्रवाह काळ्या रेघेने दाखवलेले असतात. गोव्याचे कितीतरी व्हाळ या काळ्या रेघांत आहेत. फक्त निळे गिरवले, तर जूनमध्ये दुथडी भरून वाहणारा व्हाळ आपल्या सीमेने मधोमध कापला जातो आणि नकाशावर ते लक्षातही येत नाही.

पुढचे सारे समोच्च रेषांच्या वळणावर. रेषेचे टोक चढाकडे वळले असेल तर तिथे घळ आहे, उताराकडे वळले असेल तर डोंगराची सोंड. जलविभाजक सोंडेवरून चढतो, समोच्च रेषांना काटकोनात छेदतो, धारेवर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कण्यावर, पोचला की शिखराकडून खिंडीत उतरतो आणि पुन्हा चढतो. खिंडीत दोन बाजूंना दोन प्रवाहांची डोकी, म्हणजे त्यांची सुरुवात, समोरासमोर येतात. रेषा बरोबर त्यांच्या मधून न्यायची. वाटेत दिसणारे प्रत्येक शिखर तिने गाठलेच पाहिजे असे नाही, एखादा उंच डोंगर पूर्ण आतही राहू शकतो. शेवटी रेषा निर्गम बिंदूपाशी बंद होते. तिथे सोडून तिने एकही प्रवाह ओलांडता कामा नये. ओलांडला असेल तर चूक मागेच कुठल्यातरी सोंडेवर झालेली असते. बहुधा मुख्य धार सोडून बाजूची सोंड धरलेली असते. क्षेत्रफळासाठी चौकटीचा ट्रेसिंग कागद पुरतो, प्लॅनिमीटर, म्हणजे नकाशावर क्षेत्रफळ मोजण्याचे उपकरण, असला तर उत्तम.

सत्तरी, धारबांदोडा, सांगे या घाटालगतच्या तालुक्यांत हे काम सरळ आहे, कारण रेषा दाट आहेत आणि धारा स्पष्ट. चूक होते ती राज्याच्या सीमेमुळे. गोव्याची पूर्व सीमा सह्याद्रीच्या बाजूने जाते, म्हणून तीच जलविभाजक असेल असे वाटते. प्रत्यक्षात म्हादईच्या सुमारे २,०३२ चौ. किमी खोऱ्यापैकी १,५८० चौ. किमी गोव्यात आहे. ३७५ कर्नाटकात आणि ७७ महाराष्ट्रात. शापोरा नदीचेही तसेच, तिचे वरचे पाणी महाराष्ट्रातल्या तिळारीचे. राज्याच्या सीमेवर पेन्सिल थांबवली तर नदीचे डोकेच कापले जाते.

म्हादईचा पूर्वेकडचा जलविभाजक कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीच्या परिसरातून जातो. मलप्रभा तिथेच उगम पावते आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते. जवळचाच कळसा नाला म्हादईला मिळतो, त्याचे पाणी पणजीपाशी अरबी समुद्रात येते. शीटवर या दोघांतले अंतर बोटाने मोजण्याइतके आहे. इतका अरुंद जलविभाजक कालव्याने ओलांडता येतो, आणि म्हादईचे पाणी मलप्रभेत वळवू पाहणाऱ्या कर्नाटकाच्या कळसा-भंडुरा प्रकल्पाचा वाद नेमका त्याचाच आहे. २०१० साली नेमलेल्या म्हादई जलतंटा लवादाने २०१८ च्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. त्यातले ३.९ टीएमसी खोऱ्याबाहेर मलप्रभेकडे वळवण्यासाठी आहे. वर्तमानपत्रांत हा प्रश्न टीएमसीच्या आकड्यांनी मांडला जातो. कणकुंबीची शीट समोर ठेवली तर तो शाळकरी मुलालाही कळतो, आणि गोव्यातल्या शाळांनी तो तसा शिकवावा असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते.

खरी कसोटी सड्यावर लागते. जांभ्या दगडाचे हे सपाट माळ पेडण्यापासून काणकोणपर्यंत जागोजागी आहेत. मोपाच्या पठारावर आता विमानतळ आहे, वेर्ण्याच्या सड्यावर औद्योगिक वसाहत. पेडणे तालुक्याच्या उत्तरेला तेरेखोल नदी, दक्षिणेला शापोरा. वेर्ण्याच्या एका अंगाला जुवारी, दुसऱ्या अंगाला साळ नदीचे खोरे. म्हणजे जलविभाजक सड्यावरूनच जातो, पण कुठून? २० मीटरच्या दोन रेषांमध्ये किलोमीटरभर कोरा कागद असतो. अशा वेळी सड्याच्या कडेने सुरू होणारी सगळी व्हाळांची डोकी आधी खुणावावीत, उंचीचे सुटे आकडे पाहावेत, १:२५,००० ची शीट मिळाली तर ती घ्यावी, आणि रेषा तुटक काढावी. मग पहिल्या मोठ्या पावसात सड्यावर जाऊन उभे राहावे. पाण्याचा पातळ पापुद्रा कोणत्या बाजूला सरकतो ते तासाभरात दिसते, आणि गुरे राखणाऱ्याला ते आधीपासून ठाऊक असते.

तरीही सड्यावरचे बरेच पाणी ही रेषा पाळत नाही. जांभा सच्छिद्र आहे. पाणी त्यात मुरते, खालच्या चिकण मातीच्या थरावर अडते आणि सड्याच्या पायथ्याशी झरीच्या रूपाने बाहेर येते. भूगर्भातला जलविभाजक जमिनीवरच्या जलविभाजकापासून सरकलेला असू शकतो. एका खोऱ्यावर पडलेला पाऊस दुसऱ्या खोऱ्यातल्या झरीतून निघतो. म्हणून सड्यावर बांधकाम करताना फक्त टोपोशीटवरची सीमा पाहून ‘या गावाचा संबंध नाही’ असे ठरवणे धोक्याचे आहे.

डिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यात अडचण वेगळी. लोहखनिजाच्या खड्ड्यांनी आणि मातीच्या ढिगांनी तिथे टेकड्यांच्या जागी खोलगट भाग आणि सपाटीच्या जागी टेकड्या झाल्या. जुन्या शीटवर धार दिसते, जागेवर पाण्याने भरलेला खड्डा. असा खड्डा पाणी बाहेर सोडत नसेल, तर त्याचे पाणलोट क्षेत्र वेगळे काढून एकूण बेरजेतून वगळावे.

समुद्राजवळ तर समोच्च रेषांचा आधारच संपतो. खाजन शेती, म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली सखल जमीन, पहिल्या २० मीटरच्या रेषेच्याही खाली आहे. तिथे पाण्याची सीमा ठरवतात माणसाने घातलेले बांध आणि ओहोटीला उघडणारी, भरतीला बंद होणारी मानशीची (बांधातल्या झडपेची) दारे. मांडवी आणि जुवारी यांना जोडणारा कुंभारजुवेचा कालवा तर मूळ नियमच मोडतो. दोन नद्यांतला जलविभाजक तिसवाडीपाशी आला की पाणीच आडवे येते, आणि भरती-ओहोटीप्रमाणे ते दोन्ही दिशांना वाहते. इथे रेषा ओढू नये. कालव्याच्या दोन्ही तोंडांवर खूण करून सीमा उघडी ठेवावी.

उपग्रहाच्या उंचीच्या माहितीवरून संगणक आता हीच सीमा मिनिटांत काढतो. घाटात ती बहुतेक जुळते. म्हादईच्या घनदाट जंगलात रडार कित्येकदा जमिनीऐवजी झाडांच्या शेंड्यांची उंची नोंदवते, आणि सड्यावर व खाजनात एक-दोन मीटरच्या चुकीनेही रेषा अर्धा किलोमीटर सरकते. अशा जागी संगणकाची रेषा टोपोशीटवर ठेवून, काळ्या रेघांचे व्हाळ पुन्हा एकदा मोजून घ्यावे लागतात.