कोकणातल्या गाडीला टायर कुठले घ्यावेत?

माझा भाचा मॉन्ट्रियलला असतो. तिथे क्यूबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च गाडीला हिवाळी टायर लावणं कायद्याने सक्तीचं आहे. मे महिन्यात तो चिपळूणला आला, माझ्या छोट्या गाडीचे टायर बघून म्हणाला, "मामा, तुम्हीपण तसलेच घ्या की. बर्फात धरतात, मग पावसात धरणारच."

प्रश्न रास्त होता. साध्या टायरचं रबर साधारण 7 अंशांखाली ताठर होऊ लागतं आणि डांबराच्या बारीक खडबडीत नीट रुतत नाही. हिवाळी टायरचं रबर त्या थंडीतही लवचिक राहतं. पण आपल्याकडे भर आषाढातही पारा पंचविशीच्या आसपास असतो आणि चैत्र-वैशाखात तर डांबर पायाला चटके देतं. तिथे हे रबर नको इतकं मऊ पडतं, ब्रेक मारल्यावर गाडी लांब जाऊन थांबते आणि टायर भराभर झिजतो.

आपली परीक्षा घेतं ते पाणी. मागच्या आषाढात परशुराम घाट उतरल्यावर सपाट रस्त्याला पाणी साचलं होतं. गाडी त्यात शिरली आणि स्टिअरिंग हातात एकदम हलकं झालं. दोन क्षण मी फिरवतोय ते चाकांपर्यंत पोचतच नव्हतं. टायर पाण्यावर तरंगत होते.

हिशोब करून बघा. टायर 165 मिमी रुंद, रस्त्यावर पाणी 3 मिमी, वेग ताशी 60 किमी. एका चाकाला दर सेकंदाला सुमारे 8 लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. ते जायला वाट म्हणजे टायरच्या खाचा. नव्या टायरला त्या 7-8 मिमी खोल असतात. कायद्याची किमान मर्यादा 1.6 मिमी आहे; खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की ती संपली. पण कोकणात तोवर थांबू नये. 3 मिमी उरले की मृगाआधी टायर बदलावेत, असं माझं ठाम मत आहे. आणि दिसायला छान म्हणून रुंद टायर बसवू नयेत, जितका रुंद तितकं जास्त पाणी सारावं लागतं.

हवेचंही तसंच. नासाच्या संशोधकांनी 1963 साली विमानांच्या टायरवरून दाखवलं, की तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्या सूत्राने 30 पीएसआयला तो ताशी 90 किमीच्या आसपास येतो, 24 ला 80 च्या थोडा वर. मोटारीचा रुंद, गोटा झालेला टायर त्याच्याही आधी तरंगतो.

चाकरमान्यांच्या गावी उभ्या असलेल्या गाड्यांची मला जास्त काळजी वाटते. खाचा नव्यासारख्या, पण ऊन आणि ओझोनने रबर वाळून कडक झालेलं. टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात: 2418 म्हणजे 2018 सालचा 24 वा आठवडा. शेजारच्या दादांच्या गाडीवर नेमका हाच आकडा निघाला. खाचा भरपूर, पण नख रुतेना, आणि कडेला बारीक भेगा. गणपतीला याच गाडीतून मुलंबाळं घेऊन ते घाट उतरणार होते.

दोनच टायर घ्यायचे झाले तर नवे मागे घाला. टायरवाला पुढे घालायला सांगतो, कारण इंजिन पुढची चाकं ओढतं. पण पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की बहुधा पुन्हा ताब्यात येते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते, आणि घाटात फिरायला जागा नसते. दादांनी चारही बदलले.